ओळीखाली पेन्सिलीने लिहिलेलं

दहावीच्या मुलांची 'माय इंग्लिश कोर्सबुक' ही पुस्तकं वर्षाअखेरीस चाळली की एक गोष्ट नेमाने दिसते. इंग्रजी ओळींच्या खाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात देवनागरी लिहिलेलं असतं. 'वन्स देअर वॉज', 'ही कुड नॉट बिलीव्ह', 'सडनली द डोअर ओपन्ड'. काही ठिकाणी पेन्सिल खोडून पुन्हा लिहिलेली, कारण आधीचा उच्चार चुकला होता. पानाच्या कडा घामाने मऊ पडलेल्या. हे आळशी मुलाचं पुस्तक नव्हे. उद्या वर्गात उभं राहून वाचायचं आहे, अडखळलो तर सगळे हसतील, म्हणून रात्री मोठ्या बहिणीला विचारून हे लिहून घेतलेलं असतं.

आणि दुसऱ्या दिवशी ते मूल खरंच छान वाचतं.

परभणी जिल्ह्यात, जिंतूर रस्त्यावरच्या एका गावातली अशीच एक मुलगी मला आठवते. वाक्य होतं, 'द ओल्ड मॅन वॉज टू टायर्ड टू वॉक होम.' तिने ते स्पष्ट वाचलं. खाली व्याकरणाची कृती होती, 'रिमूव्ह टू'. तिने फळ्यावर एका दमात लिहिलं, 'द ओल्ड मॅन वॉज सो टायर्ड दॅट ही कुड नॉट वॉक होम.' पैकीच्या पैकी गुण. मी सहज विचारलं, "मग बाळा, म्हातारा कुठं गेला?"

"घरी गेला, सर."

"चालत?"

"हाव सर, चालत."

मी तिला म्हटलं, आता हेच मराठीत सांग, 'इतका थकला होता की…' ती म्हणाली, "इतका थकला होता की त्याला घरी चालत जाता आलं न्हाई." आणि तिथेच थांबली. फळ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. 'कुड नॉट' तिनेच स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तोवर तो एक साचा होता. एका बाजूने वाक्य टाकायचं, दुसऱ्या बाजूने उत्तर निघतं. मधे म्हातारा आहे, त्याचे पाय दुखताहेत, हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

या प्रकरणात मला त्या मधल्या जागेबद्दल लिहायचं आहे. इंग्रजी उतारा वाचता येणं आणि तो कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे सराव पहिल्या गोष्टीचा होतो आणि परीक्षा दुसरीची असते.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं गणित मांडलं. वाचून कळणं म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. गुणिले हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण त्यांनी बेरीज केली नाही. बेरजेत एक बाजू शून्य असली तरी दुसरीमुळे काहीतरी हाती लागतं. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य. पेन्सिलीने उच्चार लिहून वाचणाऱ्या मुलाची पहिली बाजू उसनी असते आणि दुसरी रिकामी. तरी ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगं फाडफाड इंग्रजी वाचतंय.

'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या 2023 च्या पाहणीत देशातल्या 28 ग्रामीण जिल्ह्यांतल्या 14 ते 18 वर्षांच्या मुलांना साधी इंग्रजी वाक्यं वाचायला दिली होती. 57.3 टक्के मुलांना ती वाचता आली. वाचू शकणाऱ्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरातली चाळीसेक मुलं. ही एकेक सुटी, सोपी वाक्यं होती. परीक्षेतला उतारा याहून पुष्कळ लांबचा पल्ला आहे.

आता परीक्षेकडे वळू. मराठी माध्यमाच्या मुलांना दहावीत इंग्रजी तृतीय भाषा म्हणून असते. लेखी परीक्षा 80 गुणांची, अंतर्गत मूल्यमापन 20 गुणांचं. प्रश्नपत्रिकेऐवजी आता कृतिपत्रिका असते. तिच्यात पाठ्यपुस्तकातले दोन गद्य उतारे प्रत्येकी 10 गुणांचे आणि पुस्तकाबाहेरचा एक अपठित उतारा 10 गुणांचा. त्याच अपठित उताऱ्याचा सारांश आणखी 5 गुणांचा. कविता, पत्र, भाषांतर वेगळं. म्हणजे नुसतं गद्य वाचून कळण्यावर 80 पैकी 35 गुण आहेत. प्रत्येक उताऱ्याखाली पाच कृती, प्रत्येकीला दोन गुण. पहिली उताऱ्यात थेट दिसणाऱ्या माहितीची. दुसरी दोन-तीन ओळी जोडून काढायच्या माहितीची. तिसरी शब्दसंपत्तीची, चौथी व्याकरणाची, पाचवी स्वतःच्या मताची.

पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांची उत्तरं गाईडात तयार असतात. पाठ होतात. अपठिताचं तसं नाही, म्हणून तिथे मुलांना एक युक्ती शिकवली जाते. आधी प्रश्न वाचा, प्रश्नातला मोठा शब्द उताऱ्यात शोधा, ती ओळ उचलून लिहा. मीही कधीकाळी हेच शिकवलं आहे, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं. युक्ती पहिल्या कृतीला लागू पडते, म्हणूनच ती घातक आहे. दोन गुण मिळतात आणि मुलाला वाटतं, जमलं. दुसऱ्या कृतीत प्रश्नातला शब्द उताऱ्यात नसतोच, तो दुसऱ्या रूपात असतो. प्रश्न विचारतो 'कारण काय' आणि उताऱ्यात 'बिकॉज' कुठेच लिहिलेलं नसतं. आधीच्या ओळीत पाऊस उशिरा आलेला असतो आणि पुढच्या ओळीत पेरणी मोडलेली असते. या दोहोंमधलं 'म्हणून' वाचणाऱ्याने स्वतः भरायचं असतं. पाचव्या कृतीत तर उचलायला ओळच नाही. कितीतरी मुलं ती जागा कोरी सोडून येतात, आणि ती मुलं घरी आईशी, मित्रांशी त्याच विषयावर तासभर बोलू शकणारी असतात.

मराठी मुलाचं इंग्रजी वाक्यात पाऊल नेमकं कुठे घसरतं, हे पाहिलं पाहिजे. पहिली जागा म्हणजे शब्दांचा क्रम. मराठीत 'वाघाने माणसाला मारलं' म्हणा किंवा 'माणसाला वाघाने मारलं' म्हणा, मेला माणूसच. कोणी काय केलं हे 'ने' आणि 'ला' सांगतात, शब्दाची जागा नव्हे. इंग्रजीत हे प्रत्यय नाहीत. तिथे जागाच सगळं ठरवते. 'द टायगर किल्ड द मॅन' यात दोन नावं अदलाबदल केली की वाघ मरतो. ज्या मुलाच्या कानाला पंधरा वर्षं प्रत्यय ऐकायची सवय आहे, ते इंग्रजी वाक्यात ओळखीचे शब्द गोळा करतं आणि त्यांतून पटण्यासारखा अर्थ लावतं. वाघ आणि माणूस असेल तर वाघानेच मारलं असणार. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो. प्रश्न काढणारे मात्र नेमकं ते वाक्य निवडतात जिथे माणसाने वाघ मारलेला असतो.

दुसरी जागा 'हू', 'विच', 'दॅट' यांची. 'द फार्मर हू सोल्ड द बुलक बॉट अ ट्रॅक्टर.' हे वाक्य मी अनेक वर्गांत फळ्यावर लिहिलं. ट्रॅक्टर कोणी घेतला असं विचारलं की मागच्या बाकांवरून हमखास आवाज येतो, "ज्यानं बैल घेतला त्यानं." 'बुलक' आणि 'बॉट' शेजारी आहेत ना, म्हणून बैलाचा आणि खरेदीचा संबंध जुळवला जातो. इथे व्याकरणाची व्याख्या सांगून काही होत नाही. आपल्या भाषेत याला जोडी आहे, ती द्यावी. 'ज्या शेतकऱ्याने बैल विकला, त्याने ट्रॅक्टर घेतला.' मराठीत आपण 'जो' आणि 'तो' अशा दोन खुंट्यांवर वाक्यं टांगतो. इंग्रजी एकच खुंटी ठोकते आणि ती वाक्याच्या मधोमध ठोकते. मुलांना सांगायचं, 'हू' दिसला की तिथे पेन्सिलीने कंस उघडा आणि ती मधली गोष्ट संपली की बंद करा. कंसातलं बाजूला ठेवून वाचा. 'द फार्मर बॉट अ ट्रॅक्टर.' आता कंस उघडून बघा, कोणता शेतकरी. पेन्सिल वापरायचीच तर अशी वापरावी.

तिसरी जागा बारक्या शब्दांची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. मुलं 'एन्व्हायर्नमेंट', 'कॉन्फिडन्स' असले लांबलचक शब्द पाठ करतात. 'दो', 'अनलेस', 'हार्डली', 'इन्स्टेड', 'येट' यांच्यावरून मात्र उडी मारून जातात. 'दो' आलं की पुढे उलटं काहीतरी येणार. 'अनलेस' आलं की 'नाही तर' मनात म्हणायचं. 'हार्डली' दिसायला 'हार्ड'चा भाऊ, अर्थाने जवळजवळ 'नाहीच'. 'ही हार्डली स्टडीड' हे वाक्य वाचून 'त्याने कसून अभ्यास केला' असं लिहिणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. हे जेमतेम वीस-पंचवीस शब्द आहेत. वहीच्या मागच्या पानावर लिहावेत, प्रत्येकापुढे स्वतःच्या घरातलं मराठी वाक्य लिहावं. 'पाणी आल्याशिवाय बा पेरत नाही' हे 'अनलेस'च्या पुढे लिहिलेलं मूल तो शब्द विसरत नाही.

आणि 'इट', 'दे', 'धिस'. उताऱ्यात प्रत्येक 'इट'पासून मागे बाण काढून तो कशाबद्दल आहे तिथवर न्यायचा. आठवडाभर रोज दहा ओळींवर एवढंच केलं तरी दुसऱ्या कृतीची उत्तरं बदलतात.

घरातलं वाक्य म्हटलं, त्यावर थोडं थांबतो. परभणीसारख्या जिल्ह्यात तृतीय भाषा हा शब्द कागदावरचा आहे. जिंतूरच्या तांड्यावरच्या मुलाच्या घरी गोरमाटी बोलतात. शहरातल्या उर्दू शाळेतल्या मुलीची गोष्ट वेगळी. उर्दू इथे जुनीच आहे, 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. माझ्या आधीच्या पिढीतली शिकलेली माणसं घरी मराठी बोलायची, शाळेत उर्दूत शिकायची आणि त्यापलीकडे इंग्रजी गाठायची. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तेव्हापासून मुलं दहा वर्षं इंग्रजी शिकून दहावीला बसतात. दहा वर्षं हा लहान काळ नाही. एवढ्या वर्षांनंतरही ओळीखाली पेन्सिल चालवावी लागत असेल तर आपण वेळ कुठे घालवला, हे विचारलं पाहिजे.

असाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मायकेल वेस्ट नावाच्या एका इंग्रज शिक्षणाधिकाऱ्याला पडला होता. तो तेव्हा बंगालमध्ये, ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करत होता. बहुतेक मुलं शाळा अर्धवट सोडतात, मग ती जेवढं इंग्रजी शिकली तेवढ्याचा त्यांना काय उपयोग, असं त्याने विचारलं. त्यासाठी त्याने विम्यातला शब्द उचलला, 'सरेंडर व्हॅल्यू'. पॉलिसी मध्येच मोडली तर हातात किती येतं? व्याकरणाचे नियम आणि अर्धेमुर्धे बोलणं मध्येच सुटलं तर हातात काही उरत नाही. वाचता येऊ लागलं असेल तर ते उरतं, पुढे आपलं आपण वाढवता येतं. म्हणून बंगाली मुलाला सर्वांत आधी इंग्रजी वाचून समजायला शिकवा, असं त्याने 1920 च्या दशकात आग्रहाने मांडलं, आणि निवडक, नेहमी लागणाऱ्या शब्दांतच लिहिलेली वाचनमाला तयार केली. गंगाखेड-पालम भागातली ऊसतोडीला जाणारी घरं मी पाहिली आहेत. दिवाळीनंतर मूल आईबापाबरोबर फडावर जातं आणि मधले महिने शाळेबाहेर जातात. वेस्टचा प्रश्न त्या मुलाच्या दप्तरात आजही तसाच पडून आहे.

आता सरावाबद्दल. माझं म्हणणं असं, की रोज एक नवा अपठित उतारा सोडवून वाचन सुधारत नाही. पन्नास उतारे सोडवले तर पन्नास वेळा अंदाज लावण्याचा सराव होतो. एक उतारा तीन दिवस पुरवावा.

तो उतारा निवडताना एक गोष्ट पाहावी, विषय मुलाला ठाऊक आहे का. 1988 मध्ये अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं आणि मग लाकडी बाहुल्या मैदानाच्या प्रतिकृतीवर हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट घाला, कापूस घाला, एसटीचा प्रवास घाला. परभणीच्या मुलाला जग ठाऊक नाही असं कोणी म्हणू नये. त्याला जे जग ठाऊक आहे ते सरावाच्या उताऱ्यांत क्वचित येतं, एवढंच.

म्हणून मी काही उतारे स्वतः लिहिले. एक ज्वारीवर होता. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर काढलेलं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण 2018 मध्ये आलं. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त. उताऱ्यात एक वाक्य होतं, 'ज्वारी इज नॉट ओन्ली फूड फॉर द फॅमिली बट ऑल्सो फॉडर फॉर द कॅटल.' 'फॉडर' हा शब्द वर्गात कुणालाच ठाऊक नव्हता. मी अर्थ सांगितला नाही. एक मुलगा, जो एरवी मान वर करत नाही, म्हणाला, "सर, कडबा." त्याला 'नॉट ओन्ली… बट ऑल्सो'ची व्याख्या येत नव्हती. पण ज्वारीचा दाणा घरात जातो आणि उरलेलं गोठ्यात, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. अर्थ आधी कळला आणि व्याकरण त्याच्या मागून आलं. मग त्या साच्यात त्याने स्वतःहून दुसरं वाक्य बनवलं, कापसाचं आणि पऱ्हाटीचं.

तर पहिल्या दिवशी उतारा वाचायचा, प्रश्नांकडे न बघता. 'हू'चे कंस, 'इट'चे बाण, बारक्या शब्दांखाली रेघ. अडलेल्या शब्दाचा अंदाज आधी, शब्दकोश नंतर. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटायचं आणि उताऱ्यात काय होतं ते घरात कुणाला तरी मराठीत सांगायचं. आजीला सांगितलं तर उत्तम, कारण आजी मधेच विचारते, "मग त्यानं असं का केलं?" आणि त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही तर कुठे नीट वाचलं नाही ते तिथल्या तिथे कळतं. इंग्रजी तासाला मराठी बोलायचं नाही, असा नियम काही ठिकाणी अजून आहे. तो मला मान्य नाही. कळलं की नाही हे तपासायला माणसाकडे त्याची स्वतःची भाषा हेच सर्वांत अचूक माप असतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि आजच्या कृतिपत्रिकेतही भाषांतराला 5 गुण आहेतच.

न बघता सांगण्याचा हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण तोच सोडू नये. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के.

तिसऱ्या दिवशी लेखन. इथे सारांश येतो. बहुतेक मुलं उताऱ्याच्या पहिल्या दोन ओळी आणि शेवटच्या दोन ओळी उतरवतात, वर काहीतरी शीर्षक देतात. ज्याने आदल्या दिवशी आजीला गोष्ट सांगितली, त्याच्याकडे सारांश तयारच असतो. आजीला कुणी उदाहरणं आणि आकडे सांगत बसत नाही, मुख्य गोष्टच सांगतो. तेच तीन-चार साध्या इंग्रजी वाक्यांत उतरवायचं. कर्ता, क्रियापद, मग बाकीचं. वाक्य छोटं असलं तर बिघडत नाही. त्यानंतर, अगदी शेवटी, उताऱ्याखालचे प्रश्न सोडवायचे. ते तेव्हा किती हलके वाटतात हे मुलांच्याच तोंडून ऐकावं.

साहित्य कुठून आणायचं, असं पालक विचारतात. महागडी पुस्तकं घ्यायची गरज नाही. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, मराठी माध्यमाची आणि इंग्रजी माध्यमाचीही. सहावीचं सामान्य विज्ञान, सहावीचा भूगोल. तोच धडा, तीच चित्रं, बहुतेक त्याच क्रमाने. दहावीच्या मुलाने हे मराठीत चार वर्षांपूर्वी वाचलेलं आहे, त्यावर परीक्षा दिली आहे. विषय डोक्यात आहे, फक्त भाषा नवी. सेमी इंग्रजीत न गेलेल्या मुलासाठी तर ही पुस्तकं म्हणजे ओळखीच्या गावाला दुसऱ्या वाटेने जाणं.

गेल्या वर्षी एका मुलाला मी हे काम दिलं. वडिलांच्या मोबाइलवर त्याने सहावीच्या विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक उतरवून घेतलं. चौथ्या दिवशी आला तेव्हा वहीत पेन्सिलीने लिहिलेलं होतं. मला वाटलं, पुन्हा तेच. पण यावेळी ओळीखाली उच्चार नव्हते. समासात एका वाक्याशेजारी त्याने लिहिलं होतं, 'हे मराठी पुस्तकात वेगळं सांगितलंय, इथं नीट कळलं.'